दूध उतू जायच्या आत: घाईतल्या वाचकासाठी पहिलं पान कसं लावावं

कर्वेनगरला राहणाऱ्या एक काकू सकाळी दूध गॅसवर ठेवतात आणि ओट्याला टेकून पेपर उघडतात. दूध वर येईपर्यंतचा वेळ पेपरचा. मी एकदा मुद्दाम त्यांच्या स्वयंपाकघरात बसून पाहिलं. मुख्य बातमीचा मथळा झाला, इंट्रो म्हणजे पहिला परिच्छेद झाला, दुसऱ्या परिच्छेदात 'पान ५ वर' आलं. त्यांनी पान उलटलं नाही. नजर खाली घसरली, एका मंत्र्याच्या दौऱ्याच्या फोटोवर क्षणभर थांबली, तोवर दूध आलं. पेपर घडी होऊन फ्रिजवर गेला. तो बुधवार होता आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या भागात पाणी येणार नव्हतं. ती बातमी आम्ही छापली होती: चौथ्या पानावर, एक कॉलमी, तळाला. गुरुवारी सकाळी त्यांचा फोन आला. "अहो, पेपर रोज घेते मी. पण पाण्याचं मला शेजारणीनं सांगितलं."

त्या फोननंतर मी पहिल्या पानाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. घाईतल्या वाचकासाठी पान बदलायचं म्हणजे बातम्या कापून छोट्या करायच्या, असं आमच्या धंद्यात सरसकट मानलं जातं. पण छोट्या केलेल्या वीस बातम्या म्हणजे कुठली वाचायची हे वाचकानं वीस वेळा ठरवायचं. ते ठरवणं आपलं काम आहे आणि ते आदल्या रात्री व्हायला हवं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत. दैनिक असो, तालुक्याचं साप्ताहिक असो की मोठ्या सोसायटीचं पत्रक, थोड्याफार फरकानं पद्धत हीच.

पायरी १: आधी वाचक बघा

दहा घरं निवडा. सदाशिव पेठेतलं निवृत्त जोडपं, कोथरूडचं शाळकरी मुलांचं घर, हडपसरला शिफ्टमध्ये जाणारा, पिंपरीहून मेट्रोनं शिवाजीनगरला येणारी, सकाळी आठला शटर उघडणारा दुकानदार, अशी माणसं हवीत. त्यांना "पेपरात काय आवडतं" असं विचारू नका. विचारलं की बरेच जण अग्रलेख म्हणतात, कारण तसं सांगायला बरं वाटतं. त्याऐवजी प्रत्येकाला एक लाल पेन द्या आणि एवढंच सांगा: आठवडाभर पहिल्या पानावरच्या प्रत्येक बातमीत वाचणं जिथं थांबलं तिथं आडवी रेघ मारा. कारण लिहू नका.

रविवारी ते अंक गोळा करा आणि बातमीदार, उपसंपादक, जाहिरात विभाग सगळ्यांना एकत्र बसवून बघा. माझ्या हाती आलेल्या अंकांमध्ये दोन जागी रेघांची गर्दी होती. एक, दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात, जिथं आपण 'यावेळी अमुक, तमुक उपस्थित होते' लिहितो. दुसरी, टर्नची जागा, म्हणजे बातमी अर्धी तोडून आतल्या पानावर नेतो ती. 'पान ५ वर' या तीन शब्दांच्या डोक्यावर जवळजवळ प्रत्येक अंकात लाल रेघ होती. हे अंक जपून ठेवा, शेवटी लागणार आहेत.

पायरी २: पट्टी घ्या आणि जागा मोजा

सात दिवसांची पहिली पानं भिंतीवर चिकटवा. तीन रंगांचे खडू घ्या. जी बातमी वाचून वाचक आज काही वेगळं करेल (पाणी, रस्ता, परीक्षेची तारीख, अर्जाची मुदत) ती हिरवी. जी त्याला कळायलाच हवी, मग त्यानं काही करो न करो (निकाल, निर्णय, अपघात) ती निळी. जी कुणाला तरी बरं वाटावं म्हणून आली आहे (उद्घाटन, दौरा, पत्रकार परिषदेतला टोला) ती पिवळी. रंगवताना खोटं बोलू नका. मग पट्टीनं प्रत्येक रंग कॉलम-सेंटिमीटरमध्ये (एक कॉलम रुंद, एक सेंटिमीटर उंच जागा) मोजा. जाहिरात विभाग जागा अशीच विकतो, त्यामुळे ही भाषा त्यांनाही कळते.

आता हिशेब. आठ कॉलमी पान, छपाईची उंची ५२ सेंटिमीटर धरली, तर एकूण ४१६ कॉलम-सेंटिमीटर. नामपट्टीला, म्हणजे पेपरच्या नावाच्या पट्टीला, ८ सेंटिमीटर दिले की ६४ गेले. तळाला अर्ध्या पानाची, २५ सेंटिमीटर उंचीची जाहिरात आली की २०० गेले. उरले १५२. कॉलमची रुंदी साधारण ४ सेंटिमीटर, अक्षर १० पॉइंट, ओळ साडेबारा पॉइंट धरली, तर एका कॉलम-सेंटिमीटरमध्ये सात-आठ मराठी शब्द बसतात. मथळे, फोटो आणि मोकळी जागा यांत निम्मं जातं. म्हणजे हातात राहतात सुमारे सहाशे शब्द.

सहाशे शब्द मनात वाचायला बहुतेकांना तीन-चार मिनिटं लागतात. काकूंचं दूध साधारण तेवढ्याच वेळात वर येतं. म्हणजे जागा आणि वेळ मुळातच जुळतात. आपण त्या सहाशे शब्दांत अकरा बातम्यांची तोंडं कोंबतो, तिथं बिघडतं.

पायरी ३: पानाचं वचन एका वाक्यात लिहा

उदाहरणार्थ: 'हे पान तीन मिनिटांत वाचून होईल आणि त्यातली एकही बातमी अर्धवट राहणार नाही.' हे वाक्य संपादक, जाहिरात प्रमुख आणि वितरण प्रमुख यांच्याकडून मान्य करून घ्या आणि डेस्कवर लावा. रात्री साडेअकराला कुणी "एवढी एक दोन कॉलमी घ्याच" म्हणालं की कागदाकडे बोट दाखवता येतं.

"पहिलं पान असं कधी असतं का?" असं कुणीतरी विचारणारच. लंडनच्या 'द टाइम्स'च्या पहिल्या पानावर ३ मे १९६६ च्या अंकाआधी छोट्या जाहिराती असायच्या, बातम्या आत. 'यूएसए टुडे' १९८२ मध्ये रंगीत हवामान नकाशा आणि आटोपशीर बातम्या घेऊन आला. ब्रिटनमध्ये २०१० साली 'आय' हे दैनिक वेळ नसलेल्या वाचकांसाठीच निघालं. आपल्या पुण्यातही 'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला सुरू झाला तेव्हा तो साप्ताहिक होता आणि एक अंक वाचायला वाचकाकडे आठवडा होता. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ ला 'सकाळ' काढला तेव्हा वाचकाचा दिवस बदललेला होता, आणि त्यांनी भर दिला तो सामान्य माणसाच्या रोजच्या बातमीवर. वाचकाचं घड्याळ बदललं की पान बदलतं, हे या शहरानं आधीच करून दाखवलंय.

पायरी ४: हिरव्या बातम्यांना पक्की जागा

डाव्या हाताचा पहिला कॉलम, नामपट्टीच्या लगेच खाली. नाव साधं ठेवा: 'आज पुण्यात'. त्यात चार ठरलेल्या ओळी: पाणी, रस्ते, शाळा-परीक्षा, हवामान. क्रम रोज तोच. वाचकाला दोन आठवड्यांत त्याची इतकी सवय होते की तो मथळा न वाचता थेट आपल्या ओळीवर जातो.

पाण्याची ओळ कशी लिहायची ते नीट बघा. 'तांत्रिक कामामुळे शहराच्या काही भागांत पाणीपुरवठा विस्कळित होण्याची शक्यता' ही ओळ कुणाच्याही कामाची नाही. भागांची नावं हवीत. पर्वती, वारजे, वडगाव, लष्कर असं जलकेंद्रांच्या नावानं महापालिका कळवते, पण आपल्या घरी कुठल्या जलकेंद्राचं पाणी येतं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तेव्हा जलकेंद्राचं नाव मागे, वस्तीचं नाव पुढे: 'गुरुवारी पाणी नाही: …' आणि पुढे वस्त्या, ठळक अक्षरात. शेवटी एक गोष्ट जी प्रसिद्धिपत्रकात असते आणि आपण कापून टाकतो: 'शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबानं.' घरात बादल्या किती भरायच्या हे त्या ओळीवर ठरतं.

सांगण्यासारखं काही नसेल तर? उन्हाळ्यात 'कपात नाही' हीसुद्धा बातमी असते, ती द्या. इतर ओळी रिकाम्या असतील तर त्या दिवशी कॉलम आखूड ठेवा. भर म्हणून सुविचार टाकू नका. एकदा टाकला की त्या जागेवरचा विश्वास जातो.

पायरी ५: मथळा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. घाईतला वाचक मथळेच वाचतो, म्हणून मथळा हीच त्याच्यासाठी पूर्ण बातमी.

पावसाळ्यात हमखास येणारा मथळा घेऊ: 'खडकवासला धरणसाखळी क्षेत्रातील दमदार पावसामुळे पाणीसाठ्यात समाधानकारक वाढ, मुठा नदीपात्रातील विसर्ग वाढविण्याचा निर्णय'. यात चूक काही नाही, पण कामाचंही काही नाही. 'समाधानकारक' कुणासाठी? निर्णय कुणाचा? मी काय करू? पहिला हात फिरवला: 'मुठेत विसर्ग वाढवणार'. आखूड झाला, पण प्रश्न तिथंच. मग बातमीदाराला विचारलं, पाणी सोडल्यावर सगळ्यात आधी काय होतं? तो म्हणाला, बाबा भिडे पूल. नदीपात्रातला रस्ता. तिथं लावलेल्या गाड्या. मग मथळा झाला: 'आज भिडे पूल बंद, खडकवासल्यातून जादा पाणी'. खाली उपमथळा: 'नदीपात्रातल्या गाड्या सकाळीच काढा'. 'आज' पहिला शब्द आहे, जागा दुसरी आहे आणि उपमथळ्यातलं क्रियापद आज्ञार्थी आहे.

आकडा बातमीत द्या, पण समजेल असा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, म्हणजे २० हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला साडेपाच लाख लिटरहून जास्त पाणी. एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे जवळपास २,८३२ कोटी लिटर, आणि खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून क्षमता २९ टीएमसीच्या आसपास. ही चौकट एकदाच नीट करून ठेवा आणि पावसाळाभर वापरा.

आता भाषेच्या खोडी. 'करण्यात येणार आहे', 'घेण्यात आला', 'ठेवण्यात आली' ही रूपं कर्ता लपवतात आणि जागाही खातात. 'लक्ष्मी रस्ता बंद ठेवण्यात येणार' ऐवजी 'लक्ष्मी रस्ता आज बंद'. कर्ता महत्त्वाचा असेल तर नाव घ्या: 'पोलिसांनी', 'महापालिकेनं'. 'प्रश्न ऐरणीवर', 'हालचालींना वेग', 'चर्चेला उधाण', 'नागरिकांमध्ये संताप' हे शब्दप्रयोग डेस्कवर बंदच करा. बातमीत ठोस काही नसतं तेव्हा ते आपोआप हाताखाली येतात. असा मथळा सुचला की समजावं, बातमीदाराला एक फोन करायचा राहिलाय.

प्रश्नचिन्हाचा मथळा पहिल्या पानावर नको. वाचक उत्तरासाठी पैसे देतो.

पायरी ६: अक्षर आणि ओळ

परदेशी पानांचे नमुने समोर ठेवून मराठी पान आखलं की इथं फसगत होते. रोमन लिपीत दोन ओळींच्या मथळ्यातली जागा घट्ट करता येते. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारावर आणि वेलांटीवर आदळतात. चाचणीसाठी ही जोडी लावून बघा: वर 'कुत्र्यांच्या झुंडी', खाली 'विद्यार्थ्यांची कोंडी'. 'र्थ्यां'चा रफार आणि अनुस्वार, 'कों'ची मात्रा वरच्या उकारात घुसत असतील तर ओळ सैल करा. शिरोरेषेमुळे शब्दातली अक्षरं आधीच एकमेकांशी बांधल्यासारखी दिसतात, त्यांना हवा लागते.

चार सेंटिमीटरच्या कॉलममध्ये 'महापालिकेकडून', 'विद्यार्थ्यांसाठी' असे लांब शब्द आले की दोन्ही कडा जुळवताना शब्दांमध्ये भोकं पडतात. 'आज पुण्यात'सारख्या अरुंद जागी मजकूर डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळा सोडा. मुख्य बातमी दोन कॉलमांइतक्या रुंद पट्ट्यात लावा.

जुनी पानं श्री-लिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत असतील आणि आता युनिकोडवर जात असाल, तर रूपांतरानंतर 'दुसऱ्या', 'पुढाऱ्यांनी'मधला 'ऱ्य', 'ॲप'मधला 'ॲ' आणि 'राष्ट्र', 'शुद्ध'मधली जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लावल्याशिवाय देवनागरी नीट बसत नाही. फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' बघा. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची रूपं आहेत, २००९ च्या शासननिर्णयानंही तीच प्रमाण मानली. अनेक फॉन्टमध्ये सुरुवातीला हिंदी वळणाची अक्षरं येतात, भाषा 'मराठी' निवडल्यावर बदलतात. ज्येष्ठ वाचकाला हे पटकन जाणवतं. त्याला कारण सांगता येत नाही, पण "पेपर परका वाटतोय" असं तो म्हणतो.

काळ्या पट्टीत पांढरं बारीक अक्षर वापरू नका. न्यूजप्रिंटवर शाई पसरते आणि अनुस्वार बुजतो.

पायरी ७: टर्न बंद करा

हे सगळ्यात अवघड. तांत्रिक अडचण काहीच नाही, अडचण सवयीची आहे. उपाय असा: पहिल्या पानावर ८० ते १२० शब्दांची, स्वतःत पूर्ण बातमी. आत त्याच विषयाची वेगळी, सविस्तर बातमी, वेगळ्या मथळ्याची. पहिल्या पानावर शेवटी 'सविस्तर: पान ५'. टर्नपेक्षा फरक असा की वाचक अर्ध्या वाक्यावर लटकत नाही. त्यानं आत पाहिलं नाही तरी त्याच्या हातात पुरी गोष्ट असते.

यासाठी बातमीदारानं आधी छोटी कॉपी द्यायची, मोठी नंतर. रात्री अकराला उपसंपादकानं मोठीतून छोटी कापायला घेतली की पुन्हा तोंड तेवढं उरतं. बातमीदारांचा एक रास्त आक्षेप असतो: नाव कुठं येणार? दोन्हीकडे द्या. पाच मिलिमीटर जागेवरून कुणाचं मन मोडू नका.

एक मोठी बातमी मात्र ठेवा, तळाची, अँकर. ती दुधाच्या वेळेत वाचायची नसते, संध्याकाळी चहाबरोबर वाचायची असते. तिचा मथळा शांत हवा. ती काढून टाकली की पान नोटीस बोर्डासारखं होतं.

पायरी ८: घडी घालून बघा

डमी, म्हणजे पानाचा कच्चा नमुना, चांगल्या प्रिंटवर बघू नका. न्यूजप्रिंटवर काढा, आडवी घडी घाला, मग उभी. मेट्रोत उभा माणूस पेपर असाच धरतो. चारही चतकोरांत किमान एक बातमी पूर्ण दिसली पाहिजे. घडी फोटोतल्या चेहऱ्यावरून जात असेल तर फोटो हलवा.

मग जाहिरात. तीन डमी तयार ठेवा: बिनजाहिरातीची, अर्ध्या पानाची आणि जॅकेटची (अंकाला बाहेरून गुंडाळलेल्या पानभर जाहिरातीची). दसरा-दिवाळीत जॅकेट येणारच. त्या दिवशी तिसरं पान हेच पहिलं, आणि 'आज पुण्यात' तिथं त्याच जागी. जमल्यास पाण्याची एक ओळ जॅकेटवरच्या नामपट्टीखाली मागून घ्या. आधीच मागितली तर मिळते. आणि नामपट्टी कितीही सुंदर करा, नाव मात्र नोंदणीत आहे तेच आणि तसंच.

पायरी ९: बदलाचा दिवस

मी यात एक मोठी चूक केली आहे. एका दैनिकात पान बदललं तेव्हा 'आजचे कार्यक्रम' आणि निधनवार्ता यांची जागा आम्ही न सांगता हलवली. पहिल्या सकाळी सातपासून फोन सुरू झाले. एक आजोबा फोनवर रडले. त्यांच्या मित्राची निधनवार्ता त्यांना सापडली नाही आणि अंत्यदर्शन चुकलं. त्यांची माफी मागितली, पण ती वेळ परत देता आली नाही. तेव्हापासून माझा नियम: जी गोष्ट हलवणार, तिच्या जुन्या जागी दोन आठवडे 'आता पान ६ वर' अशी पाटी. मृत्यू आणि पाणी यांच्या जागा तर शक्यतो हलवूच नका.

दिवस साधा निवडा. गणेशोत्सव नको, पालखी शहरात असताना नको, निवडणुकीचा निकाल नको. एखादा बिनमहत्त्वाचा मंगळवार उत्तम. आदल्या पहाटे साडेचारला चौकात विक्रेते पुरवण्या घालत बसलेले असतात, तिथं जाऊन त्यांना नवं पान दाखवा. वाचकाची पहिली बोलणी तेच खातात, त्यांना उत्तर ठाऊक असलं पाहिजे. मला एका विक्रेत्यानं डमी उलटी-पालटी करून विचारलं होतं, "तारीख कुठं गेली?" नव्या नामपट्टीत तारीख इतकी बारीक झाली होती की गठ्ठ्यातून कालचा अंक वेगळा काढणं त्यांना जमलं नसतं. महिनाभर पान आखणाऱ्या आम्हा पाच जणांच्या हे लक्षात आलं नव्हतं.

पायरी १०: पान मोडायची तयारी

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा त्या दिवशीचे पेपर छापून बाहेर पडले होते. अशा वेळी दुसऱ्या दिवशीच्या पानाला खरी कसोटी असते. पाण्यातल्या गाड्यांचा व्हिडिओ वाचकानं चोवीस तास आधी फोनवर पाहिलेला असतो. पहिल्या पानावर तोच फोटो सहा कॉलम छापून त्याला काय मिळणार? त्याला हवं असतं: आज विसर्ग किती, कुठले रस्ते सुरू, घरात चिखल असेल तर पंचनाम्यासाठी कुणाकडे जायचं, हे पाणी का शिरलं. त्या दिवशी सगळ्या चौकटी काढा, 'आज पुण्यात' पानभर रुंद करा आणि एकच विषय घ्या. अशी एक 'मोडलेली' डमी फाइल करून ठेवा. रात्री दोन वाजता ती नव्यानं आखायला कुणाच्यात त्राण नसतं.

महिना झाला की त्याच दहा घरी पुन्हा लाल पेनं द्या आणि नवे अंक जुन्यांशेजारी लावा. ज्या चौकटीवर सलग तीन दिवस सगळ्यांच्या रेघा पहिल्याच ओळीवर पडल्या असतील, ती चौथ्या दिवशीच्या डमीतून काढा, मग ती कुणी सुचवलेली का असेना. कर्वेनगरच्या काकूंच्या नव्या अंकात मुख्य बातमीवर रेघच नव्हती. ती त्यांनी पूर्ण वाचली होती. 'आज पुण्यात'मध्ये पाण्याच्या ओळीखाली मात्र त्यांनी लाल पेनानं लिहिलं होतं, "टाकी की नळ ते पण लिहा." पुढच्या गुरुवारपासून ते लिहायला लागलो.